निंदणी कोणी करायची?

(संघटनेच्या तालुका शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर. पाड्यापाड्यांच्या बैठकीत वाचून दाखवता यावा म्हणून पूर्ण छापत आहोत.)

बायांनो, भावांनो आणि पुढे बसलेल्या आजा-आजींनो,

सकाळपासून दाव्यांचं, मोजणीचं आणि रेंज ऑफिसवरच्या मोर्चाचं बोलणं झालं. माझ्याकडे वेगळा विषय दिला आहे. ऐकताना तो आपल्या कामाचा वाटणार नाही. पण शेवटपर्यंत ऐका, कारण यावर प्रत्येक पाड्याने ठराव करायचा आहे.

एका विद्यापीठाचं संघटनेला पत्र आलं आहे. त्यांच्याकडे अभिलेखागार आहे. अभिलेखागार म्हणजे जुन्या कागदांचं कोठार. आपण बियाणं कणगीत ठेवतो, तसे ते कागद ठेवतात. कीड लागू देत नाहीत, भिजू देत नाहीत आणि पन्नास वर्षांनी कुणी मागितलं तर काढून दाखवतात. जनआंदोलनांच्या कागदांचा त्यांना वेगळा विभाग करायचा आहे. आपले कागद द्या, असं ते म्हणतात. पत्र चांगल्या शब्दांत आहे आणि लिहिणाऱ्याच्या मनात वाईट असेल असं मला वाटत नाही.

पत्रासोबत काय हवं त्याची यादी आहे. पुढाऱ्यांची पत्रं, कोर्टाचे निकाल, मोर्चांचे फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि आपल्या या पत्रिकेचे अंक. खाली एक ओळ आहे: जागा मर्यादित असल्यामुळे किरकोळ पावत्या, अर्ज, हजेरीच्या वह्या असे कागद पाठवू नयेत.

माझं आजचं सगळं बोलणं या एका ओळीवर आहे.

सरकारी कार्यालयात एक शब्द आहे, अभिलेखांचं निंदणीकरण. शब्द आपलाच आहे. निंदणी. शेतातलं गवत काढून पीक ठेवायचं, तसं दफ्तरातले नको असलेले कागद काढून हवे ते ठेवायचे. त्यासाठी कागदांचे वर्ग केलेले असतात. अ वर्ग कायम ठेवायचा. ब वर्ग तीस वर्षं. क वर्ग त्याहून कमी. ड वर्ग एक वर्ष, मग नष्ट. आपण माहिती अधिकारात जुन्या दंडाची नोंद मागतो, तेव्हा पुष्कळदा उत्तर येतं की मुदत संपल्याने अभिलेख नष्ट केला आहे. म्हणजे निंदणी झाली. आपलं पीक त्यांनी गवत म्हणून उपटलं.

निंदणी वाईट नाही. निंदणी केली नाही तर नागली हाती लागत नाही. विद्यापीठाचंही तसंच आहे. कपाटं किती, माणसं किती, प्रत्येक कागद वाचून यादीत चढवायला वेळ किती? सगळंच घ्या, असं आपण त्यांना सांगू शकत नाही. निवड करावीच लागणार. पण निंदणीला कोण बसतं ते बघा. नागली बोटभर असते तेव्हा तिच्यातलं गवत नागलीसारखंच दिसतं. शहरातला पाहुणा शेतात उतरवला तर तो नागली उपटेल आणि गवत ठेवील. आपल्या बाया अंधार पडेपर्यंत निंदतात आणि चुकत नाहीत, कारण त्यांना दोन्हीची ओळख आहे. म्हणून माझा प्रश्न एवढाच आहे, की आपल्या कागदांची निंदणी कोणी करायची?

आता मागचं थोडं सांगतो.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वारल्यांची वेठ होती, लग्नगडी होते. लग्नासाठी सावकाराचं कर्ज घ्यायचं आणि नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. पुढे बसलेल्यांपैकी कुणी ते आपल्या बापाच्या तोंडून ऐकलं असेल. याचा कागद कुठे आहे? सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या शेवटी सरकारला अहवाल दिला, त्यात आहे. तो अहवाल सरकारी होता म्हणून टिकला. सावकाराच्या वहीत आहे, पण ती वही सावकाराच्या घरात. १९४५ साली वारली उठले. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला आणि आपली पाच माणसं मेली. त्याचा सरकारी कागद पोलिसाने लिहिलेला. तो लिहिणार दंगा झाला. जे उठले त्यांचा स्वतःचा कागद नाही, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं, अंगठा होता.

गोदावरीबाई परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं म्हणून आतली गोष्ट बाहेर आली. ते छापलं गेलं १९७० साली. गोळीबारानंतर पंचवीस वर्षांनी. त्यांनी लिहिलं हे आपल्यावर उपकार आहेत. पण एक बाई एका पुस्तकात किती पाडे घालणार? कोणत्या पाड्यावर पहिल्यांदा वेठ नाकारली, रात्री निरोप घेऊन कोण धावलं, पुरुष पकडून नेले तेव्हा पोरांना कुणी जेवू घातलं, हे ज्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं ते गेले. त्यांच्याबरोबर तेही गेलं.

म्हणजे काय होतं? ज्याच्याकडे कागद असतो त्याचं म्हणणं उरतं. आणि कागद खूप असले तर ज्याचा कागद कोठारात घेतला त्याचं म्हणणं उरतं.

आता आजच्या कामावर येतो. वनहक्काचा कायदा २००६ चा. तो ३१ डिसेंबर २००७ ला लागू झाला आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी २००८ ला नियम आले. त्यातला तेरावा नियम तुम्हाला वनहक्क समितीने वाचून दाखवला असेल. पुराव्याचा नियम तो. त्यात गॅझेटियर आहे, जनगणना आहे, नकाशे आहेत, जंगल खात्याच्या कार्य योजना आहेत, कोर्टाचे हुकूम आहेत. त्यातच रेशन कार्ड आहे, मतदार ओळखपत्र आहे, घरपट्टीची पावती आहे. घर, झोपडी, शेताचा बांध, सपाट केलेली जमीन आहे. जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा आहे. संस्थानाच्या काळातली नोंद आहे, म्हणजे जव्हार संस्थानातल्या पाड्यांना तीही चालते. आणि दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेलं, लिहून घेतलेलं निवेदन आहे. यातले एकाहून जास्त पुरावे बघायचे, असंही नियमात लिहिलं आहे.

आता सांगा, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण जमीन कसत आलो हे आपल्यापैकी किती जणांनी कोर्टाच्या निकालाने दाखवलं? किती जणांनी फोटोने दाखवलं? फार थोड्यांनी. बहुतेकांनी दाखवलं ते पावतीने.

एका पाड्यावर दाव्यांचं काम चालू होतं. तिथली आजी म्हणाली, माझ्याकडे काही नाही, नवरा मेला, त्याच्या मागे फक्त दंड उरला. तिने कणगीच्या मागून पत्र्याचा डबा आणला. त्यात सात पावत्या निघाल्या. कुणावर पंधरा रुपये, कुणावर चाळीस. जंगलात बेकायदा नांगरट केली म्हणून दंड. नाव आहे, गाव आहे, तारीख आहे, गार्डाची सही आहे. सगळ्यात जुनी पावती १९७२ च्या दुष्काळानंतरची. एकेक पावती म्हणजे काही नाही. पण सात एका ओळीत लावल्या तेव्हा दिसलं, की हा माणूस वर्षानुवर्षं त्याच जागी नांगर घालत होता आणि जंगल खातं स्वतःच तशी नोंद करत होतं.

ती पावती गुन्ह्याची होती. लिहिणाऱ्याने तिला पुरावा म्हणून लिहिलं नव्हतं. आजीने ठेवली तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं की असा कायदा येईल. तिने भीतीने ठेवली, परत दंड मागायला आले तर दाखवायला. आणि विद्यापीठाच्या यादीत हाच कागद किरकोळ आहे.

म्हणून निवडीचा पहिला नियम मी असा मांडतो. कागद मोठ्या माणसाचा आहे का, हे बघू नका. त्यात नाव, जागा आणि तारीख आहे का, ते बघा. तिन्ही असतील तर तो ठेवायचा कागद.

दुसरा नियम. गठ्ठा फोडू नका. कोठारातली माणसं विषयवार लावायला बसतात. दंडाच्या पावत्या एकीकडे, रेशन कार्ड दुसरीकडे, अर्ज तिसरीकडे. तसं केलं की आजीच्या सात पावत्या सात फायलींत जातील आणि मुक्या होतील. ज्या घरातून गठ्ठा आला त्या घराचं आणि पाड्याचं नाव घालून तो आहे तसा बांधून ठेवायचा.

तिसरा नियम. हरलेल्याचा कागद आधी घ्यायचा. मंजूर दाव्याचा कागद सरकार ठेवील, कारण त्यावर पट्टा दिला आहे. नामंजूर दाव्याचं काय? कित्येकांना नामंजुरीचा कागदच मिळालेला नाही. काहींना मिळाला त्यात कारण नाही. कायद्याप्रमाणे निर्णयापासून साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. मग निर्णय कधी झाला आणि आपल्याला कधी कळला, हे दाखवणारा कागद किती मोलाचा! नामंजुरीच्या चिठ्ठ्या, उत्तर न आलेल्या अर्जांच्या पोच, पोस्टाच्या पावत्या हे सगळं कोठारात गेलं पाहिजे. उद्या कुणी म्हणेल की आदिवासींनी मागितलंच नव्हतं. तेव्हा हे लागेल.

चौथा नियम बायांचा. घरातले जुने कागद बघा, नाव पुरुषाचं. पावती त्याच्या नावावर, रेशन कार्ड त्याच्या नावावर. नव्या कायद्यात लग्न झालेल्यांचा पट्टा दोघांच्या नावावर आहे. पण जुन्या कागदावर बाई सापडणार नाही. ती सापडते पाड्याच्या बैठकीच्या वहीत, जिथे तिने अंगठा दिला. ती सापडते तिच्या सांगण्यात: कंद कुठून आणायचे, मोह कुणी कुठला वेचायचा, पाण्याची वाट कोणती, कारवी कुठून तोडायची. सामूहिक हक्काच्या दाव्याला हेच लागतं. म्हणून हजेरीच्या वह्या किरकोळ नाहीत. आणि म्हाताऱ्या बायांचं बोलणं टेप करून, लिहून, त्यांना परत वाचून दाखवून ठेवायचं. धवळेरीला विचारून तिची गाणीही ठेवता येतील. पण तिने हो म्हटलं तरच. टेपवर आधी तिचं नाव आणि तिचं हो आलं पाहिजे.

आता काय द्यायचं नाही ते.

चालू दाव्याचा मूळ कागद कुणालाही द्यायचा नाही. विद्यापीठालाही नाही, आपल्या कार्यकर्त्यालाही नाही. दाखवायचा, झेरॉक्स द्यायची, मूळ परत डब्यात. एका पाड्यावर अभ्यासाला आलेल्या माणसाने बैठकीची वही नेली आणि ती अजून आली नाही. तो माणूस शिकून मोठा झाला असेल. पण त्या पाड्याकडे त्या सहा वर्षांची एकही नोंद नाही.

ज्या कागदात खबर देणाऱ्याचं नाव आहे, कुणावर केस चालू आहे, तो आत्ता द्यायचा नाही. सभासदांच्या याद्या द्यायच्या नाहीत. घरातल्या भांडणांचे, काडीमोडाचे, पंचांनी मिटवलेले कागद तर मुळीच नाहीत. ते लोकांचं खाजगी आहे. पुढे द्यायचेच तर अमुक वर्षं बंद ठेवा, असं लिहून द्यायचे. कोठारांमध्ये अशी पद्धत असते, ती आपण मागू शकतो.

भगतांचं औषध, कुठली मुळी कशावर आणि ती कुठे मिळते, हे लिहून द्यायचं नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्येच आपल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क सांगितला आहे. हक्क समूहाचा आहे, तर एकट्याने देऊन टाकण्याचा प्रश्न येत नाही. ग्रामसभा ठरवील.

यावर आपल्यात दोन मतं आहेत हे मला ठाऊक आहे. काही साथी म्हणतात, काहीच देऊ नका. आजवर पुष्कळ जण आले, गाणी नेली, चित्रं नेली, आपल्याला काय मिळालं? त्यांचं खोटं नाही. काही म्हणतात, सगळं देऊन मोकळे व्हा, आपल्याकडे छप्पर गळतं, वाळवी लागते. त्यांचंही खोटं नाही. गेल्या पावसात एका पाड्यावर ट्रंकेत पाणी शिरलं आणि वीस घरांचे अर्ज लगदा झाले. ही आपली पत्रिकाच बघा. सायक्लोस्टाईलचा कागद स्वस्त, शाई पसरते, काही वर्षांत पान पिवळं पडून तुटतं. पहिल्या वर्षाचे सगळे अंक संघटनेच्या कार्यालयातही नाहीत.

म्हणून मला मधला रस्ता दिसतो. चालू कामाचे मूळ कागद आपल्याकडे, त्यांची प्रत तिकडे. काम संपलेले मूळ कागद तिकडे, त्यांची प्रत आपल्या तालुका कार्यालयात. म्हणजे एका ठिकाणी आग लागली तरी दुसरीकडे उरेल. आणि हे तोंडी नाही, लिहून.

विद्यापीठाला आपण पुढील अटी कळवाव्यात, असा प्रस्ताव आहे:

१. कागद निवडण्याच्या समितीत पाड्यांतली निदान तीन माणसं असावीत. त्यातल्या दोन बाया असाव्यात. वाचता न येणारी व्यक्तीही चालेल. वाचून दाखवायला माणूस द्यावा.

२. कागदांची यादी मराठीत, पाड्याच्या नावाप्रमाणे करावी. यादीत 'अतिक्रमणदार' असा मथळा घालू नये. आतल्या कागदात गार्डाने तो शब्द लिहिला असेल तर तो तसाच राहू द्या, तो पुरावा आहे. पण वरचं लेबल विद्यापीठ लिहिणार. तिथे 'जमीन कसणारे' असं लिहावं.

३. ज्याच्या घरचा कागद आहे त्याला, त्याच्या मुलानातवांना आणि ग्रामसभेला तो फुकट पाहता यावा आणि त्याची खरी प्रत मिळावी. त्यासाठी पदवी किंवा कुणाचं शिफारसपत्र मागू नये.

४. आमच्याकडून घेतलेला कोणताही कागद आम्हाला विचारल्याशिवाय नष्ट करू नये. नको झाला तर परत पाठवावा.

५. बंद ठेवायला सांगितलेले कागद बंद ठेवावेत.

६. वर्षातून एकदा त्यांच्या माणसाने पाड्यावर येऊन काय ठेवलं, काय नाही घेतलं आणि का, ते ग्रामसभेत सांगावं.

या अटी त्यांनी मानल्या तर देऊ. नाही मानल्या तर आपले कागद आपल्याकडे राहतील. पण तरीही आपलं काम संपत नाही. विद्यापीठ आलं नसतं तरी हे करायलाच हवं होतं.

शेवटी घरी गेल्यावर काय करायचं ते सांगतो.

घरातले सगळे कागद एकदा बाहेर काढा. फेकण्याआधी पाड्यावरच्या शिकलेल्या पोराला किंवा पोरीला दाखवा. जुन्या पावतीला प्लास्टिक चिकटवून घेऊ नका. लॅमिनेशन केलं की ते पुन्हा निघत नाही आणि आतला कागद जळल्यासारखा होतो. गंजलेली टाचणी काढा. पुसट झालेल्या कागदाची झेरॉक्स आधी काढा, कारण कार्बनची अक्षरं उडतात. कागदावर पेनाने काही लिहू नका. लिहायचंच तर मागे पेन्सिलने. सुकलेल्या फडक्यात गुंडाळा, पत्र्याच्या डब्यात घाला, डबा जमिनीला लागून ठेवू नका. चुलीच्या वरही ठेवू नका. पावसाळा संपला की एकदा उघडून सावलीत वारं द्या. कडक उन्हात नको.

म्हाताऱ्या माणसांकडे बसा. साल विचारू नका, साल त्यांना सांगता येत नाही म्हणून साहेब त्यांना खोटं ठरवतो. असं विचारा: बहात्तरच्या दुष्काळात तू केवढा होतास? तेव्हा हा बांध होता का? तुझं लग्न झालं तेव्हा हे शेत कोण कसत होतं? मग आपण साल काढू. दोन साक्षीदार, तारीख, अंगठा आणि लिहिणाऱ्याचं नाव घाला.

आणि पाड्याच्या बैठकीची वही. ती नीट लिहा. जे ठरलं तेच नाही, जे नाही पटलं आणि कोणाला नाही पटलं तेही लिहा. आपल्या चुका, आपली भांडणं खोडू नका. आपणच आपली निंदणी करताना फक्त जिंदाबादचे कागद ठेवले, तर पुढची पोरं म्हणतील की आजोबा कधी चुकलेच नाहीत. आणि मग ती चुकतील तेव्हा त्यांना विचारायला कुणी असणार नाही.

प्रत्येक पाड्याने पुढच्या महिन्याच्या बैठकीआधी ठराव करून पाठवावा. देणार की नाही देणार, अटी पटतात की नाही, कुठली अट वाढवायची. ठरावावर बायांचे अंगठे वेगळे मोजले जातील. 'सगळ्यांना मान्य' असं एका ओळीत लिहिलेला ठराव परत पाठवू.

आपल्या डब्यात काय आहे ते आधी आपण बघू. मग कुणाला काय द्यायचं ते ठरवू.

जोहार! आदिवासी एकजुटीचा विजय असो!